सशासाठी वाळवलेला पाला: तुळस, पुदिना, शेवगा यांचा खरंच फायदा होतो का?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. आमच्या घरी भुरी आहे, सशाची मादी. वय दोन वर्षं, वजन १ किलो ८०० ग्रॅम. लेकीच्या हट्टापायी आणली आणि आता घरात सगळ्यात जास्त बडदास्त तिचीच असते.

प्रश्न तिच्या खाण्याचा आहे. टिमथी गवत आणते, ते परदेशातून येतं, महाग पडतं, आणि ही बाई ते खात नाही. काडी तोंडात घेते, दोनदा चावते, टाकून देते. पेलेट्स, म्हणजे दुकानातल्या तयार खाद्याच्या गोळ्या, मात्र चट्टामट्टा करते. मागच्या महिन्यात वाळवलेल्या पानांचं एक पाकीट मागवलं. त्यात पुदिना, कॅमोमाईल, गुलाबाच्या पाकळ्या आणि अजून काहीबाही होतं. ते तिनं मिटक्या मारत संपवलं. पाकिटावर लिहिलंय की पचन सुधारतं, ताण कमी होतो, प्रतिकारशक्ती वाढते, दात झिजतात. ८० ग्रॅमला साडेतीनशे रुपये!

पुदिना आणि तुळस तर माझ्या कुंडीत आहेत. मग घरीच का वाळवू नये? तर, (१) हे फायदे खरे आहेत का, (२) आपल्याकडचा कुठला पाला चालेल आणि (३) आता पुण्यात पाऊस सुरू झालाय, वाळवायचा कसा? अनुभवी मंडळींनी सांगावं.

खारीक
भुरीचा फोटो कुठाय? फोटोशिवाय सशाचा धागा म्हणजे खोबरं-कोथिंबिरीशिवाय पोहे.

वनवेल
सोनचाफाताई, अगदी योग्य विचार करताय. पाकिटांवर पैसे घालवू नका. मी सहा वर्षं ससे पाळतोय, सध्या दोन आहेत. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून रोज मूठभर देतो. त्यात प्रथिनं भरपूर, लोह भरपूर. जोडीला तुळस सर्दीसाठी आणि महिन्यातून एकदा कडुनिंबाची चार पानं जंतांसाठी. पोट फुगलं तर ओव्याची पानं. माझे ससे कधी डॉक्टरकडे गेले नाहीत. आपल्या परसात जे आहे त्याला तोड नाही.

डोंगरवाट
मी शेतकरी माणूस, सातारा जिल्हा. आमच्याकडे गाई-म्हशी, शेळ्या आणि पोरांचे चार ससे. पाल्याबद्दल नंतर बोलू, आधी गवताचं सांगतो, कारण ससा हा मुळात गवत खाणारा जीव. त्याच्या पोटात जे जातं त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त गवतच असावं.

टिमथीच पाहिजे असं काही नाही. टिमथी थंड हवेतलं गवत, म्हणून ते बाहेरून येतं. आपल्याकडे हरळी आहे, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. वाळवली की तिच्यासारखी बारीक, गोडसर वैरण नाही. माळावरचं मारवेल आहे. रब्बीत ओट करतात, तो निसवायच्या आत कापून वाळवला तर ससे तुटून पडतात. गवत फुलोऱ्याच्या सुमाराला कापायचं, एक दिवस उन्हात, मग सावलीत उलटंपालटं करत वाळवायचं. रंग हिरवा राहिला पाहिजे. पिवळं पडून काडी राहिली की चारा मेला म्हणायचा. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, खायला त्यात फारसा कस नसतो.

कोवळी हिरवी ज्वारी मात्र तोडून देऊ नका. गुरांना किरळ लागते तसा तो विषाचा प्रकार आहे. पाण्याचा ताण बसलेल्या पिकात तर जास्तच.

अबोली७
वनवेल, तुमच्या प्रतिसादाला हात जोडून विरोध करते. मीही रोज मूठभर वाळवलेला शेवगा आणि मेथी द्यायचे. 'पौष्टिक' म्हणूनच. माझा गोटू चार वर्षांचा होता. आठ-नऊ महिन्यांनी त्याची लघवी पांढरी, दाट, पानाला लावायच्या चुन्यासारखी येऊ लागली. एका दवाखान्यात 'सशांची अशीच असते' म्हणून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी तो लघवी करताना कुबड काढून बसायला लागला, मागचे पाय ओले, कातडी लाल. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर मूत्राशय पांढऱ्या गाळानं भरलेलं. भूल देऊन धुवावं लागलं. वाचला, पण ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. घाबरवायला लिहीत नाही, पण शेवगा 'रोज मूठभर' कुणी वाचून सुरू करू नये म्हणून लिहिलं.

वनवेल
अबोली७, वाचून वाईट वाटलं. पण माझ्या सशांना सहा वर्षांत असं काही झालं नाही. पाणी कमी पीत असेल का गोटू?

हिरवी_पेन्सिल
मी पशुवैद्य आहे, मुंबईत छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस करते. जरा सविस्तर लिहिते.

वनवेल आणि अबोली७, तुमचे दोघांचेही अनुभव खरे आहेत आणि दोन्हींचं कारण एकच आहे. आपलं शरीर कॅल्शियम गरजेपुरतं शोषतं. ससा तसं करत नाही. खाण्यातून जितकं येईल त्या प्रमाणात तो रक्तात घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. म्हणून सशाची लघवी थोडी गढूळ असणं नेहमीचंच, पण ती चुन्यासारखी घट्ट झाली तर ते दुखणं आहे. १०० ग्रॅम वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम २००० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, टिमथी गवतात त्याच्या साधारण पाव. एखादा ससा भरपूर पाणी पितो, घरभर पळतो, त्याला पचतं. दुसरा पिंजऱ्यात बसून असतो, जाडसर असतो, त्याच्या मूत्राशयात गाळ साठतो. लसूणघासाचंही तेच, तो सहा महिन्यांखालच्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशांना नाही.

पाला वाळवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ताज्या पुदिन्यात ८५ टक्के पाणीच असतं. म्हणजे १०० ग्रॅम जुडीचे हातात १५ ग्रॅम उरतात. कॅल्शियम आणि साखर सगळी त्या १५ ग्रॅमात, पाणी मात्र गेलेलं. वाळवलेली 'एक मूठ' दिली की ताज्या सहा-सात मुठी दिल्यासारखं होतं. म्हणून दोन किलोच्या सशाला दिवसाला चमचाभर ते फार तर दोन चमचे चुरा पुरे, आणि पाण्याचं भांडं कायम भरलेलं. पिंजऱ्याला लावायच्या बाटलीपेक्षा जड वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात.

आता पाकिटावरचे दावे.
दात: सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. ते झिजतात लांब काडी आडवी रगडून चावल्यानं. वाळलेलं पान दाताखाली मोडतं आणि गिळलं जातं. त्यानं दाढा झिजत नाहीत.
पचन: सशाच्या मोठ्या आतड्यात लांब तंतू पुढे सरकतात आणि आतडं हलतं ठेवतात. बारीक कण मागे अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या पिशवीसारख्या भागात जातात, तिथं आंबतात आणि मऊ लेंड्यांच्या रूपानं बाहेर येतात, त्या ससा पुन्हा खातो. पाल्याचा चुरा गवताची जागा घेऊ शकत नाही.
प्रतिकारशक्ती: क जीवनसत्त्वाचा उल्लेख असेल तर तो सशासाठी निरर्थक. ससा ते स्वतः तयार करतो. गिनीपिगला बाहेरून लागतं.

मग उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. वास. सशाचं नाक ही त्याची निम्मी दुनिया. कंटाळवाण्या गवतात पुदिना-तुळशीचा चुरा मिसळला की ससा तो शोधत शोधत गवत खातो. त्याला हुंगायला, उकरायला काम मिळतं. दिवसभर पिंजऱ्यात बसलेल्या जिवासाठी हे खरंच मोठं आहे. मी स्वतः सुचवते. औषध म्हणून मात्र कधीच नाही.

पोट फुगलं तर ओवा, असं वनवेल म्हणतात, त्यावर मी अडते. सशाला उलटी होत नाही. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. उद्यावर टाकायचं नाही. घरगुती उपायात गेलेली एक रात्र पुष्कळदा जीव घेऊन जाते. मी हे फार वेळा पाहिलंय.

दुपारची_झोप
वाचनखूण साठवली. पाणी वाडग्यात, हे आजपासूनच.

वनवेल
डॉक्टर, मूठभर शेवग्याबद्दल तुमचं पटलं. आठवड्यातून दोनदा चिमूटभर करतो. ओव्याबद्दलही आग्रह सोडतो. पण तुळस सोडणार नाही!

हिरवी_पेन्सिल
तुळस सोडायला कोण सांगतंय? द्या की. सर्दी झाली तर मात्र माझ्यासारख्या कुणाकडे या. सशाची साधी वाटणारी सर्दी बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असते, आणि कधी कधी दाताच्या मुळाचा त्रास नाकाडोळ्यांतून बाहेर पडतो.

नेकारकाठ
श्टुटगार्टहून. इथं सशांसाठी वाळवलेल्या पानांचं एक अख्खं कपाट दुकानात असतं. डँडेलियन, प्लँटेन म्हणजे आपल्या इसबगोलाचं भावंड, हेझलची पानं, झेंडूसारख्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्या, आणि नेटल, म्हणजे हात लावला की आग होणारी वनस्पती. वाळली की तिचे काटे चावत नाहीत आणि ससे आवडीनं खातात. शेजारच्या आजी मे महिन्यात कुरणातून पोतं भरून पानं आणतात आणि माळ्यावर कागदावर पसरतात. अगदी आपल्या आज्या कुरडया घालायच्या तशाच उत्साहानं. पण त्यांचंही म्हणणं डॉक्टरांसारखंच आहे: डब्यातला पाला हिवाळ्यापुरता, उन्हाळ्यात ताजं.

सोनचाफा, तिकडे डँडेलियन शोधत बसू नका. तुती लावा. तुतीचा पाला सशाला चालतो, ताजाही आणि वाळवलेलाही, आणि फांदी खोचली तरी झाड लागतं.

गोदाकाठ
तुतीवरून आठवलं. आमच्या लाडूनं एकदा भरपूर जास्वंदीची फुलं आणि तुतीचा पाला खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी लघवी लालभडक. नवरा कामावर, मी एकटी, रडतच रिक्षा केली. डॉक्टरांनी नमुना तपासला, त्यात रक्ताचा कणही नव्हता. पानाफुलांतल्या काही द्रव्यांमुळे सशांच्या लघवीला नारिंगी, विटकरी, लाल असा रंग येऊ शकतो आणि एक-दोन दिवसांत तो जातो, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून मी नवीन पाला एका वेळी एकच सुरू करते. चार गोष्टी एकदम दिल्या की कशानं काय झालं कळत नाही.

हिरवी_पेन्सिल
गोदाकाठ, रिक्षा करून गेलात ते बरोबरच केलंत. रक्त आहे की रंग, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. विशेषतः नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयाचे आजार फार होतात, आणि तिथं रक्त हीच पहिली खूण असते.

दुपारची_झोप
एक शंका. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला घाणेरी भरपूर आहे. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत हे माहीत आहे. पण वाळवली की विष निघून जातं ना?

डोंगरवाट
नाही!! घाणेरी, कण्हेर, धोतरा, रुई, गाजरगवत यांतलं काहीही ओलं नको आणि वाळलेलंही नको. उलट वाळलेलं जास्त धोक्याचं, कारण कडू-उग्र वास कमी होतो आणि जनावर फसतं. गवताच्या भाऱ्यात कण्हेरीची चार पानं आली तर ती वेचून काढायचा कंटाळा करू नका, संशय असेल तर भारा टाकून द्या. दुकानातून कुठलं 'मिक्स' आणलं तरी एकदा पेपरवर पसरून बघत जा.

अबोली७
यात ॲव्होकाडोची पानं आणि घरात ठेवतो ती डायफेनबाकियाची कुंडीही धरा. कांदा-लसणाची पातसुद्धा नाही.

मिरगाचा_पाऊस
तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून कोकणातून मी. चार महिने भिंतींनाही बुरशी येते आमच्याकडे, त्यामुळे वाळवण्याचं दुखणं मला विचारा.

पाला सकाळी तोडायचा, पावसात भिजलेला नको. धुऊन सुती पंच्यात झटकून घ्यायचा. पुदिन्याची पानं देठापासून सोडवायची, नाहीतर पान वाळतं आणि देठ ओला राहतो. सुपात किंवा चाळणीत एकच थर, खालून हवा गेली पाहिजे. बंद खोलीत, पंख्याखाली, तीन-चार दिवस. भर पावसाळ्यात एवढ्यानं भागत नाही, मग ओव्हन अगदी मंद, ५० अंशांच्या आसपास, दार किंचित उघडं ठेवून. पान हातात चुरचुरलं पाहिजे, देठ कट्‌कन मोडला पाहिजे. वाकला तर अजून पाणी आहे.

मग काचेच्या बरणीत भरून झाकण लावून एक दिवस ठेवायचं. आतून बरणीला दव दिसलं तर सगळं परत पंख्याखाली. मीठ सादळू नये म्हणून आपण तांदूळ घालतो, तसे भाजलेले तांदूळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून बरणीत टाकते. आणि कुबट वास आला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, सरळ खतात. माझ्या बहिणीनं 'वरचं वरचं काढून' दिलं होतं. तिचा ससा गेला. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि सशाचं यकृत त्याला फार नाजूक असतं.

नेकारकाठ
तुमच्या बहिणीसाठी वाईट वाटलं. बरणीची युक्ती फार कामाची आहे, इथंही करते.

खारीक
डोंगरवाट म्हणाले दूर्वा चालतात. मग गणपतीत तर सशाची चंगळ! दहा दिवसांच्या जुड्या वाळवून ठेवल्या की दिवाळीपर्यंत पुरतील. उंदराला मोदक, सशाला दूर्वा.

मिरगाचा_पाऊस
खारीक, कल्पना गोड आहे, पण वाहिलेल्या दूर्वा नकोत. त्यांना हळदकुंकू, अत्तर, कापूर लागलेला असतो. बाजारातल्या जुड्यांवर काय फवारलंय कळत नाही, काही तर गटाराकडेच्याही असतात. घरच्या कुंडीत लावा. हरळी लावायला कष्ट नाहीत, काढायला आहेत.

दुपारची_झोप
अवांतर: गावी उसाच्या फडात सशाचं पिल्लू सापडलंय. डोळे उघडे, एकटंच बसलंय. आणून पाळावं का?

डोंगरवाट
आणू नका, जिथं होतं तिथं ठेवा. तो रानससा, पाळीव सशाचा सख्खा नव्हे. पाळीव ससा मूळ युरोपातला, बिळात राहणारा, त्याची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात. रानसशाची पिल्लं डोळे उघडे घेऊन केसांसकट जन्मतात आणि आई त्यांना मुद्दाम वेगवेगळ्या जागी बसवून जाते, रात्री येऊन पाजते. ते पोरकं नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानससा पाळता येत नाही.

दुपारची_झोप
भावाला फोन केला. ठेवून आला जागेवर.

हिरवी_पेन्सिल
सोनचाफा, तुमचा पहिला प्रतिसाद आज परत वाचला आणि एक वाक्य खटकलं. 'काडी तोंडात घेते, दोनदा चावते, टाकून देते.' न आवडणाऱ्या गवताकडे ससा पाठ फिरवतो. तोंडात घेऊन टाकणं वेगळं. त्याला खायचंय, पण दुखतंय. आणि मऊ, दाताखाली पटकन मोडणारी पानं मात्र ती आवडीनं खाते. दोन गोष्टी बघाल का? हनुवटीखालचे केस ओले किंवा चिकटलेले आहेत का? आणि पेलेट्सची वाटी दिवसभर भरलेली असते का?

सोनचाफा
डॉक्टर, हात लावून पाहिलं. हनुवटीखाली ओलसर आहे. मला वाटायचं पाणी पिताना भिजते. आणि हो, वाटी दिवसभर भरलेली असते. ती उपाशी राहू नये म्हणून मीच भरते. आत्ता खूप अपराधी वाटतंय.

हिरवी_पेन्सिल
अपराधी कशाला? विचारलंत म्हणून तर कळलं. उद्याच दाढा तपासून घ्या, ससे बघणारा डॉक्टर शोधून. पुढचे दात चांगले दिसले तरी मागच्या दाढा आत उपकरण घालूनच बघाव्या लागतात. भूल द्यायची म्हणाले तर आदल्या रात्री उपाशी ठेवू नका, सशाला तसं ठेवत नाहीत. पेलेट्स एकदम बंद करू नका. आधी दात, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आत आणा.

अबोली७
सोनचाफा, काय होतं ते कळवा. भुरीला गोटूकडून प्रेम.

सोनचाफा
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला.

भुरीच्या खालच्या डाव्या दाढेला आतल्या बाजूनं टोक आलं होतं आणि ते जिभेत घुसत होतं. जिभेवर जखम होती. डॉक्टरांनी मला फोटो दाखवला, बघवेना. भूल देऊन टोक घासलं, दुखणं कमी व्हायचं औषध दिलं. पहिले दोन दिवस सिरिंजनं भरवलं. लेक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिच्याशेजारी जमिनीवर बसून होती.

चौथ्या दिवशी मी कागदी पिशवीत गवत घेतलं, त्यात घरच्या पुदिन्याचा चमचाभर चुरा टाकला, पिशवी हलवली आणि तिच्यापुढे आडवी ठेवली. तिनं डोकं आत घातलं. बाहेर आली तेव्हा तोंडात अख्खी काडी होती, आणि ती काडी आत आत जात दिसेनाशी झाली. चावण्याचा तो कर्र कर्र आवाज आमच्या घरात पहिल्यांदाच आला. मी स्वयंपाकघरातच रडले.

पेलेट्स आता दिवसाला ४० ग्रॅम, दोन वेळा विभागून. लेंड्या आधी बारीक, काळ्या, कमीजास्त आकाराच्या असायच्या. आता गोल, मोठ्या, फिक्या तपकिरी, मोडल्या तर आत गवताचा भुसा. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी परत बोलावलंय, टोक पुन्हा येऊ शकतं म्हणून.

बरणीत सध्या पुदिना तीन भाग, तुळस एक भाग, जास्वंदीच्या थोड्या पाकळ्या. पुरचुंडी घातलीय. शेवगा नाही. डोंगरवाट, तुमच्याकडचं मारवेल किंवा ओट पुण्यापर्यंत येतं का कुणाकडून? टिमथीला पर्याय हवाच आहे.

डोंगरवाट
वाचून बरं वाटलं. ओट आता मिळणार नाही, रब्बीत. मारवेल दिवाळीच्या आसपास कापतो, तेव्हा व्यक्तिगत निरोप करा, दोन पेंढ्या कुणाबरोबर तरी पाठवतो. पैसे नकोत. तोवर कुंडीत हरळी लावा, पावसात आठ दिवसांत धरेल.

वनवेल
सोनचाफाताई, तुमचं वाचून काल माझ्या दोघांनाही तपासून आणलं. धाकट्याच्या एका दाढेला सुरुवात आहे म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा गेलो.

खारीक
फोटो अजून नाही आला.

सोनचाफा
आज रात्री नक्की. पिशवीत डोकं घातलेला, फक्त शेपटी दिसते असा आहे, चालेल का?